चिखला जिंकल्यास

भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, गोंदिया वेगळा झाला, आणि त्यात कुणाचं काय गेलं, कुणाला काय मिळालं यावर लोक वर्षभर बोलत राहिले. पण सगळ्यात जास्त झळ ज्याला बसली त्याची कुणीच दखल घेतली नाही. तो म्हणजे तुमसरचा संजीव.

संजीवचं घर कोष्ट्यांचं. ज्या खोलीत वडिलांनी हयातभर माग चालवला, त्याच खोलीत याने एस.टी.डी. बूथ टाकला होता आणि फावल्या वेळात तो नागपूरच्या एका पेपरचा वार्ताहर होता. पेपरात प्रत्येक जिल्ह्याला एक पान असे. जिल्हा एक होता तोवर पान भरायची चिंता नव्हती. गोंदियाचे गिरणीवाले, आमगावचे पुढारी, तिरोड्याचे मोर्चे, नवेगावच्या जंगलातली जनावरं, सगळे मिळून पान भरून काढत. मग जिल्हा अर्धा झाला, बातम्याही अर्ध्या झाल्या, आणि पान मात्र तेवढंच राहिलं.

"जिल्हा अर्धा झाला म्हणून मी अर्धं पान कोरं सोडू का?" नागपूरहून उपसंपादक खुशालराव फोनवर ओरडायचे. "काहीतरी पाठव. तीन कॉलम पाठव."

संजीवने पाठवता येईल ते सगळं पाठवलं. गावात शिरलेला बिबट्या पाठवला, तो परत गेला तेही पाठवलं. तलावाची फुटलेली पाळ, शाळेचं स्नेहसंमेलन, दोन डोक्यांचं वासरू. वासराच्या बाबतीत तर त्याने तीन दिवस पुरवून पुरवून लिहिलं. शेवटी पोरगा अगदी रडकुंडीला आला, तेव्हा कुठे त्याला फुटबॉल सापडला.

चिखल्याच्या मँगनीज खाणीच्या वसाहतीत फुटबॉल फार जुना. तिथल्या संघाचे मॅनेजर भैय्यालाल. खाणीत माणसांना खाली सोडणारा आणि वर आणणारा पाळणा चालवणं हे त्यांचं काम, आणि संघाला शिव्या घालणं हा छंद. दुसरा संघ आंबागडचा, गडाच्या पायथ्याच्या गावातला. त्याचे मॅनेजर इश्वर, धान पिकवणारे शेतकरी. गंमत अशी की इश्वर तरुणपणी आठ वर्षं चिखल्याच्या खाणीत होते आणि भैय्यालालच्याच संघातून खेळत. भैय्यालाल गोलकीपर, इश्वर त्यांच्या पुढचे फुलबॅक. पुढे वडील गेले, शेती अंगावर आली, इश्वर गावी परतले आणि तिथल्या पोरांना घेऊन त्यांनी आपला संघ उभा केला. दोघांची दोस्ती मात्र तशीच होती. सामना संपला की हरलेल्या मॅनेजरने सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटायचा आणि जिंकलेल्याने खायचा, असा त्यांचा रिवाजच होता. दोन्हीकडची पोरं भोवती बसून या दोन म्हाताऱ्यांची जुगलबंदी ऐकत.

संजीव पहिल्यांदा सामन्याला गेला तेव्हा चिखल्याने आंबागडवर तीन गोल चढवले होते. त्याने खर्रा खात बसलेल्या भैय्यालालला विचारलं, "काकाजी, सामन्याबद्दल काय वाटतं?"

"वाटाचं काय त्यात?" भैय्यालाल म्हणाले. "इश्वरचे पोट्टे नांगरामागं चालल्यावानी खेळते. बॉल पुढं गेला का थांबते, बैल वळाची वाट पाह्यते."

इश्वर शेजारीच खर्रा घोटत होते. "आन् चिखल्याचे पोट्टे रोज जमिनीखाली अंधारात," ते म्हणाले. "त्याहिले उजेडात गोलपोस्ट दिसला हेच लय झालं."

यावर दोघेही खो खो हसले. पोरं हसली, संजीवही पोट धरून हसला. पण पेपरात हसणं छापता येत नाही. तिसऱ्या दिवशी पान उघडलं तर वर ठळक अक्षरांत मथळा: "आंबागडचे खेळाडू म्हणजे नांगरामागचे गडी! भैय्यालाल यांची बोचरी टीका." आणि खाली चौकटीत: "इश्वर यांचे सडेतोड प्रत्युत्तर."

खुशालराव खूश झाले. चिखल्यात पेपरच्या बारा प्रती जात, त्या महिन्याभरात चाळीसवर गेल्या. पुढच्या सामन्याला एवढी गर्दी लोटली की आंबागडच्या लोकांना धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या कडेवरही बसायला जागा मिळेना. संजीवला वाटलं, आपण फुटबॉलचं भलं केलं. तसं पाहिलं तर केलंच होतं.

पण गावातले लोक इश्वरला विचारू लागले, "काहून गा, त्यानं पेपरात आपल्या पोट्ट्याईले बैलामागचे म्हनलं, आन् तू त्याच्यासंगं खर्रा खाऊन राहिला?" तिकडे वसाहतीत भैय्यालालचीही तीच गत. दोघांनाही लोकांपुढे मान ताठ ठेवायची होती. पेपरात भांडलेली माणसं एका पुडीतून खर्रा कशी खाणार? पुढच्या सामन्यानंतर दोघे आपापल्या टोकाला उभे राहिले, एकमेकांकडे चोरून पाहत राहिले, आणि घरी गेले. त्यानंतर ते एकमेकांशी बोलले नाहीत. जे काही बोलायचं ते पेपरातून.

आणि पेपरातून बोलायचं म्हणजे संजीवने बोलायचं.

त्याचं असं झालं, की त्या काळी बातम्या नागपूरला जात त्या एस.टी.ने. तुमसरहून दुपारी दोनची बस निघे, तिच्या ड्रायव्हरच्या हाती बातम्यांचं पाकीट द्यायचं, नागपूरच्या स्टँडवर पेपरचा शिपाई ते उतरवून घेई. सामने सुरू होत सव्वातीनला. म्हणजे सामन्याची बातमी सामना सुरू होण्याच्या आधीच पाठवणं भाग होतं. यावर तालुक्याच्या सगळ्याच वार्ताहरांनी एक तोडगा काढलेला होता, तोच संजीवने उचलला. बातमी आधीच लिहायची, गोलांची जागा कोरी सोडायची, आणि मॅनेजरांच्या प्रतिक्रियांचे दोन कागद जोडायचे. एकावर लिहायचं "चिखला जिंकल्यास", दुसऱ्यावर "आंबागड जिंकल्यास". सामना संपला की लुना हाणत तुमसरला यायचं आणि सहाच्या आत फोन करायचा: "दोन-एक. पहिला कागद लावा."

सुरुवातीला भैय्यालाल पेपर घेऊन यायचे आणि विचारायचे, "मी असं कवा म्हनलो बे?"

"मनात म्हणाला असाल, काकाजी."

भैय्यालाल जरा विचार करायचे. "हो, म्हनलो असन," म्हणायचे, आणि पेपर घडी करून काखेत मारून निघून जायचे.

तीन वर्षं हा कारखाना चालला. पान तर दर आठवड्याला आ वासून बसलेलं, त्यामुळे शब्द दिवसेंदिवस तिखट होत गेले. इश्वरचा मुलगा मनिष एकदा पेनल्टी चुकला, तेव्हा "भैय्यालाल" पेपरात म्हणाले, पेनल्टीला पाय लागतात, आंबागडात ते कुणाकडे आहेत? इश्वरच्या बायकोने, सुलोचनाबाईंनी, ते वाचलं आणि दिवाळीनंतरच्या मंडईच्या सणाला भैय्यालालच्या घरी जाणाऱ्या करंज्या बंद केल्या. मग "इश्वर" म्हणाले, ज्याने जन्मभर एका जागी बसून पाळणा हलवला त्याने आम्हाला धावायला शिकवू नये. त्यानंतर भैय्यालालचं "मी असं कवा म्हनलो" हे विचारणंही बंद झालं. तुमसरच्या एका लग्नात संजीवने दोघांना पंगतीत पाहिलं. वाढप्याने चुकून त्यांना पाठीला पाठ लावून बसवलं होतं. सगळी पंगत उठेपर्यंत दोघांपैकी एकानेही मान वळवली नाही. आपण काय करून बसलो हे संजीवला त्या दिवशी लख्ख कळलं. पण सोमवार उजाडला, खुशालरावांचा फोन आला, आणि त्याने पुन्हा लेखणी उचलली. वाईट नव्हता तो. फक्त पान भरायचं होतं.

मग आंबागडची मंडई आली. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते, प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, रात्री नाटक असतं. त्या वर्षी आंबागडकरांनी मंडईच्या दिवशीच स्पर्धेचा अंतिम सामना ठेवला. लवकर पिकणारा हलका धान निघालेल्या दोन बांध्यांमधला धुरा फोडून मैदान केलं. चिखला विरुद्ध आंबागड. यापेक्षा मोठी बातमी तालुक्यात वर्षभर झाली नव्हती, म्हणून संजीवने हात सैल सोडला. "चिखला जिंकल्यास" या कागदावर त्याने भैय्यालालच्या तोंडी घातलं: "इश्वर आता थकले आहेत. त्यांनी मैदान सोडावे आणि खाटेवर पडून राहावे. त्यांच्यासारख्यांना पाहून आता कीव येते." इश्वरच्या तोंडी नेहमीचं घातलं, की पंचांच्या निर्णयाबद्दल त्यांनी तीव्र खंत व्यक्त केली. दोनच्या बसने पाकीट गेलं, आणि तो आंबागडला पोचला.

सामना अगदी अटीतटीचा झाला. चिखल्याने आधी गोल केला, मग मनिषने फेडला. एक-एक. बारा मिनिटं उरली होती. मनिष बॉल घेऊन सुटला, इश्वर रेषेवरून "मार! मार!" ओरडत त्याच्याबरोबर धावत सुटले, आणि धावता धावता गुडघ्यावर आले. लोकांना वाटलं ठेच लागली. मग ते आडवे झाले.

मैदानाच्या पलीकडच्या रेषेवरून एक माणूस धावत निघाला. खेळ चालू होता, बॉल कुठे आहे, पंच काय शिट्टी वाजवतो, याचं त्याला भान नव्हतं. भैय्यालाल होते ते. अठ्ठावन्न वर्षांचा तो जाडजूड माणूस अख्खं मैदान ओलांडून आला, खाली बसला आणि त्याने इश्वरचं डोकं मांडीवर घेतलं.

"इश्वर्या! ए इश्वर्या! इकडे पाह्य! माह्याकडे पाह्य बे!"

तीन वर्षांत ते इश्वरशी थेट बोललेले हे पहिले शब्द. हे पेपरातले नव्हते.

चिखल्याचा संघ भाड्याच्या ट्रॅक्स जीपमधून आला होता. भैय्यालालने इश्वरला त्यात घातलं, सुलोचनाबाई आणि मनिष चढले, आणि गाडी तुमसरच्या सरकारी दवाखान्याकडे सुटली. मागे लुनावर संजीव. दवाखान्यात पळापळ झाली. संजीव चिठ्ठ्या घेऊन औषधाच्या दुकानात धावला, स्ट्रेचरला हात लावला, सुलोचनाबाईंना पाणी आणून दिलं. या सगळ्यात त्याला पेपर नावाची काही वस्तू जगात आहे हे आठवलंच नाही, आणि ही गोष्ट त्याच्या बाजूने लिहून ठेवायला हरकत नाही.

दिवेलागणीनंतर डॉक्टर बाहेर आले. झटका होता, पण वेळेत आणलं. अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं. आता आराम हवा, बोलणं कमी. संजीवने दारातून आत पाहिलं. भैय्यालाल स्टुलावर बसले होते आणि त्यांनी चादरीवरून इश्वरचं पाऊल धरून ठेवलं होतं, जणू सोडलं तर ते कुठेतरी निघून जाईल. इश्वरचे डोळे मिटलेले होते, पण चेहरा शांत होता. संजीवला एवढं बरं वाटलं की त्याच्या डोळ्यात पाणी आलं.

आणि त्याच क्षणी त्याला पाकीट आठवलं.

तो धावत बूथवर गेला. सात वाजून गेले होते.

"खुशालराव, आजची फुटबॉलची बातमी लावू नका!"

"लावू नका म्हणजे? तुमच्याकडे येणाऱ्या डाक आवृत्तीचं पान सहालाच गेलं रे. तुझ्या फोनची वाट पाहून पाहून थकलो. मग म्हटलं, चिखलाच जिंकणार, दर वेळी जिंकतो. गोलांचे आकडे काढून टाकले आणि 'चिखला जिंकल्यास' लावून दिलं. चांगलं दिसतंय पान. भैय्यालालची ती खाटेची ओळ मी मथळ्यात घेतली."

मशीन सुरू झालेलं, गठ्ठे बांधले जात असणार. सामना पुरा झालाच नाही, तो जिंकल्याची बातमी, हे तर झालंच. त्यासाठी लोक चार शिव्या देतील, देऊ देत. पण ज्या माणसाने मैदान ओलांडून इश्वरला उचललं, तोच उद्या सकाळी पेपरात इश्वरला म्हणणार होता की खाटेवर पड, तुझी कीव येते. आणि इश्वर ते खाटेवर पडूनच वाचणार होते. तीन वर्षांनी जे जुळलं होतं ते संजीवच्या हातच्या तीन ओळींनी पुन्हा तुटणार होतं, आणि या वेळी इश्वरच्या छातीला ते झेपणार नव्हतं.

सकाळी उजाडताच तो स्टँडवर हजर झाला. पेपरचे एजंट नत्थूभाऊ सुतळी कापून गठ्ठे मोकळे करत होते.

"नत्थूभाऊ, एक काम करा. दवाखान्यात आज पेपर टाकू नका. मी हात जोडतो."

"काहून गा? तुह्या पेपरात चिखला जिकला म्हन्ते, म्हनून शरम वाटून राहिली का?" नत्थूभाऊ हसले. "दवाखान्याचा गठ्ठा तं पह्यलाच सुटला. आन् आज एक पेपर वरून दिला मी. म्हनलं इश्वरभाऊ तिथं हायेत, त्याहिचं नाव आलं हाये, वाचतीन बिचारे. नर्सबाईच्या हातातच देऊन आलो."

नत्थूभाऊंनी जन्मात कधी कुणाला पेपर फुकट दिला नव्हता. आजच त्यांना माणुसकी सुचायची होती. संजीवने लुना दवाखान्याकडे हाणली. काय करायचं ते त्याने वाटेत ठरवून टाकलं. पेपर हातात असो नसो, आज सगळं कबूल करायचं, दोघांच्या पायावर डोकं ठेवायचं, आणि वार्ताहरकी सोडायची.

वॉर्डाच्या दारात तो पोचला आणि तिथेच थबकला.

इश्वर उशीला टेकून अर्धवट बसले होते. काल पडताना त्यांचा चष्मा फुटला होता, डोळे उघडे होते पण दूर कुठेतरी लागलेले. सुलोचनाबाई स्टुलामागे उभ्या होत्या. आणि स्टुलावर, रात्रभर तिथेच बसलेले भैय्यालाल, दोन्ही हातांत पेपर पसरून.

"वाच न बे," इश्वर म्हणाले. आवाज बारीक होता. "काय म्हनला तू माह्याबद्दल? मले दिसून नाही राहिलं."

पेपराच्या मागच्या बाजूवर संजीवची नजर होती, पुढच्या बाजूला काय छापलंय ते त्याला पाठ होतं. भैय्यालालचे ओठ आधी नुसतेच हलले. मनात वाचत होते. मग त्यांनी मान वर केली आणि दारातल्या संजीवकडे पाहिलं. एवढंच. रागाने नाही, तक्रारीने नाही. संजीवला वाटलं जमीन फाटावी आणि आपण थेट चिखल्याच्या खाणीत जावं.

भैय्यालालनी पुन्हा पेपर डोळ्यासमोर धरला, घसा साफ केला आणि शाळेतल्या पोरासारखं एकेक शब्द तोडून वाचायला सुरुवात केली.

"आंबागड येथील... सामना... बरोबरीत थांबला. एक-एक. मनिष याने... लय भारी गोल मारला."

"असं लिवलं? लय भारी?"

"तसंच लिवलं हाये. मधात बोलू नोको." ते पुढे वाचू लागले. "यावर चिखला संघाचे मॅनेजर श्री. भैय्यालाल यांनी प्रतिक्रिया व्यक्त केली की... की इश्वर पडला तवा माह्या हातापायाचं पानी झालं. की तीस वर्सं मी मानसं खाली सोडतो आन् वर आनतो. जेवढे गेले तेवढे आले का, ते रोज पाह्यतो, मंगच घरी जेवाले जातो. पन काल हा डोळ्यापुढं खाली चालला होता, आन् माह्या हाती दोर नव्हता." ते थांबले. त्यांनी पेपर आणखी जवळ धरला. "ते पुढे म्हनाले की, तीन वर्सं मी याच्यासंगं बोललो नाही. कोनं सांगतलं होतं मले अक्कल गहान ठेवाले? येवढंच म्हनाले."

सुलोचनाबाई स्टुलामागे उभ्या होत्या आणि त्यांना चांगलं वाचता येत होतं. त्यांची नजर छापलेल्या मथळ्यावर खिळलेली संजीवला दिसली. त्यांनी तो पूर्ण वाचला, खाटेची ओळही वाचली. मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चांगलं वाचून राहिले भाऊजी. अजून वाचा."

"लय मोठं छापलं," इश्वर डोळे मिटून म्हणाले.

"तीन कॉलम."

"संजीवनं लिवलं?"

"हो तं. नाव हाये त्याचं."

"नाही वाटत. त्याले येवढं बेस लिवता येत नाही." इश्वरच्या गालावरून एक ओघळ उशीत गेला, तो त्यांनी पुसला नाही. "आता माहं वाच. मी काय म्हनलो?"

भैय्यालाल पेपरकडे पाहत राहिले. स्वतःचं बोलणं त्यांनी मनाने रचलं होतं, कारण ते त्यांचंच होतं. पण दुसऱ्याच्या तोंडी शब्द घालणं त्यांना जमेना.

"तुहं नाही छापलं," ते शेवटी म्हणाले आणि त्यांनी पेपर घडी केला.

"काहून? दर वेळी छापते."

संजीव आत आला. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला.

"मी विचारलंच नाही म्हणून, काकाजी," तो म्हणाला. "कधीच विचारलं नाही. तीन वर्षं तुमचं मीच लिहिलं, यांचंही मीच लिहिलं. सामन्याच्या आधी लिहायचो. मनिषच्या पायाचं मी लिहिलं, यांच्या पाळण्याचं मी लिहिलं. आजही पेपरात हे वाचतात तसं काही नाहीये. मी फार वाईट लिहिलंय. माझ्यामुळे तुमचं बोलणं तुटलं. मला माफ करा नका करू, पण यांनी तुम्हाला कधी काही वाईट म्हटलेलं नाही."

एवढं बोलून तो रडायलाच लागला. नर्सने डोकं बाहेर काढून पाहिलं आणि पुन्हा आत घेतलं. इश्वर छताकडे पाहत होते.

"मालूम हाये मले," ते म्हणाले.

"मालूम हाये?" भैय्यालाल ओरडले.

"हळू," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"तं काय बे भैय्या. पेपरात दर वेळी मी खंत व्यक्त करतो. खंत म्हनून शब्द माह्या तोंडातून जल्मात निंगाला का? मले तवाच समजलं, हे पोट्टं लिवून राहिलं. तुहं बी तेच लिवते, हेई समजलं."

"मंग बोलला काहून नाही तीन वर्सं?"

"तू काहून नाही बोलला? तुले तं समजलं असन ना, का तू असं म्हनला नाही?"

सगळा दोष संजीवचा असता तर तिघांनाही सोपं गेलं असतं.

"जाऊ दे," इश्वर म्हणाले. "ए संजीव, रडनं बंद कर. कागद हाये का? नाही विचारलं म्हन्तो ना कवाच, तं आता इचार."

संजीवने डोळे पुसले. खिसे चाचपले, औषधाच्या चिठ्ठ्यांचे पाठकोरे कागद निघाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला हा प्रश्न विचारताना भीती वाटली, कारण उत्तर काय येणार हे त्याला माहीत नव्हतं.

"काकाजी, सामन्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

"लिव. मी पडलो तवा वर आभाळ दिसलं, मंग याचं थोबाड दिसलं. आभाळापेक्षा बेस वाटलं. भिऊन नाही राहिलो मंग. म्हनलं, मागं भैय्या उभा हाये, आता गोल नाही होत. लिवलं?"

"लिहिलं."

"बराबर लिवलं? जसं म्हनलो तसंच?"

"तसंच, काकाजी."

"आता हे छापू नोको."

"का?"

"छापलं तं पुढच्या मंडईले कोन येईन बे सामना पाह्याले?" इश्वरना हसू आलं, मग धाप लागली, सुलोचनाबाईंनी हाताने गप्प राहायची खूण केली, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. "छापासाठी दुसरं लिव. बारा मिनिटं बाकी होते. आमचा गोल होऊनच राहिला होता. चिखल्याचा मॅनेजर भर मैदानात घुसला म्हनून सामना थांबला."

भैय्यालाल स्टुलावरून उठलेच. "मी घुसलो? तुले उचलाले आलो तं मी घुसलो? लिव बे संजीव, माहं बी लिव! आंबागडच्या मॅनेजरनं हरनार म्हनून अंग टाकलं!"

"असंच लिहू ना?" संजीवने विचारलं. "खरंच असं म्हणताय ना तुम्ही?"

"खरंच म्हनून राहिलो. इश्वर्या, म्हनू ना?"

"म्हन," इश्वर म्हणाले.

दुपारी दोनच्या बसने संजीवचं पाकीट गेलं. त्यात कालच्या चुकीची दुरुस्ती होती, दोन्ही मॅनेजरांचे आरोप होते, आणि उरलेली बारा मिनिटं कधी खेळायची याबद्दलचा वाद होता. बरोबर तीन कॉलम. इश्वरचं न छापायचं बोलणं ज्यावर होतं, तो कागद वॉर्डातून निघतानाच त्याने टाकून देण्यासाठी चुरगळायला घेतला होता, तेव्हा भैय्यालालनी हात पुढे केला.

"आन इकडे."

"हे तर तुम्ही तिथंच बसून ऐकलं, काकाजी."

"ऐकलं ना. पन माह्यापाशी राहू दे," भैय्यालाल म्हणाले, आणि घडी करून तो कागद त्यांनी आतल्या खिशात ठेवला.